गालांना व्यायाम द्या, कपाळाला नको

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

चेहऱ्याच्या व्यायामांवर पुरवण्यांमधून येणारा मजकूर आम्ही बारकाईने वाचतो, कारण चेहऱ्याचे स्नायू हाच आमच्या रोजच्या कामाचा विषय आहे. या मजकुराबद्दल आमची तक्रार एकच आहे. कपाळ, डोळे, गाल, ओठ, जबडा आणि मान यांना एकाच मापाने मोजून ‘ताणा, फुगवा, आवळा, दहा वेळा करा’ असे सांगितले जाते आणि त्वचा घट्ट होईल अशी हमी दिली जाते. खरे पाहता चेहऱ्याच्या काही भागांना व्यायामाचा फायदा होतो, काही भागांत काहीच घडत नाही आणि काही भागांत ज्या रेघा नकोत नेमक्या त्याच अधिक खोल होतात. हा फरक वाचकांपर्यंत पोहोचावा म्हणून हे जरा लांबलेले पत्र.

आधी रचना समजून घेऊ, कारण पुढचे सगळे तिच्यावरच अवलंबून आहे. दंडाचा स्नायू एका हाडापासून दुसऱ्या हाडापर्यंत जातो. तो आकुंचन पावला की कोपर वाकतो, त्वचेवर फारसा ताण येत नाही. हसण्याचे, रडण्याचे, भुवया उंचावण्याचे स्नायू तसे नाहीत. त्यांतले बहुतेक एका टोकाला हाडाला धरलेले असतात आणि दुसऱ्या टोकाला थेट त्वचेत विणलेले असतात. त्यामुळे ते आवळले की हलते ती त्वचाच, आणि तिला घडी पडते. ही घडी स्नायूच्या तंतूंना काटकोनात पडते. कपाळाचे तंतू उभे आहेत म्हणून आठ्या आडव्या. भुवया जवळ आणणारे तंतू आडवे-तिरपे आहेत म्हणून दोन भुवयांमधल्या रेघा उभ्या. डोळ्याभोवतीचा स्नायू कड्यासारखा गोल आहे, म्हणून डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यातून रेघा किरणांसारख्या पसरतात.

आता भुवया उंच करून धरण्याचा किंवा डोळे गच्च मिटण्याचा व्यायाम आठवा. तीच घडी तिथेच, रोज पन्नास-शंभर वेळा जास्त पाडायची, असा त्याचा अर्थ होतो. भुवयांमधल्या रेघांसाठी दिल्या जाणाऱ्या बोट्युलिनमच्या (बोटॉक्सच्या) इंजेक्शनला अमेरिकेच्या औषध नियामकाने २००२ मध्ये मान्यता दिली. ते इंजेक्शन स्नायूला बळ देत नाही, उलट काही महिने ढिला पाडते, आणि रेघा त्यामुळेच पुसट होतात. स्नायू ढिला पडल्यावर जी रेघ जाते ती तोच स्नायू कमावल्याने कशी जाईल, हा साधा प्रश्न असे व्यायाम छापण्यापूर्वी कुणीतरी विचारायला हवा. ‘कपाळ बोटांनी दाबून धरा आणि भुवया उचला’ अशी एक तडजोड सुचवली जाते. पण बोटे जिथे टेकलेली असतात तेवढीच जागा स्थिर राहते. त्यांच्या वर-खाली त्वचा दुमडतेच, आणि दाबून घासण्याचा त्रास वेगळा.

मग कपाळासाठी काय करायचे? विश्रांती द्यायची, आणि तीही शिकावी लागते. औषधांच्या दुकानात जखमेवर लावायची कागदी चिकटपट्टी मिळते. तिचा पाच सेंटिमीटरचा तुकडा भुवयांच्या वर आडवा आणि दुसरा लहान तुकडा दोन भुवयांच्या मध्ये उभा लावा. वाचताना, पडद्यासमोर काम करताना अर्धा तास तो राहू द्या. कपाळाला आठी पडली की पट्टी ओढल्यासारखी जाणवते आणि आपण नकळत किती वेळा भुवया उचलतो हे कळते. पट्टीने सुरकुती जात नाही, ती फक्त चाहूल देते. काढताना पट्टी ओल्या कापसाने भिजवून हळू सोडवायची, ओरबाडायची नाही. आठ्या फारच पडत असतील तर चष्म्याचा नंबर तपासून घ्यावा. नीट दिसत नसले की माणूस डोळे बारीक करतो. वरच्या पापण्या उतरल्या असतील तर नजर मोकळी करण्यासाठी कपाळ दिवसभर ताणलेले राहते, आणि अशा वेळी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवणे हाच मार्ग.

गालांची गोष्ट वेगळी आहे, आणि इथे आम्ही व्यायामाच्या बाजूने उभे आहोत. वयानुसार गालांतली चरबीची गादी पातळ होते आणि खाली सरकते, खालचे हाडही थोडे झिजते, त्यामुळे त्वचेला आतून मिळणारा आधार कमी होतो. गाल उचलणारे स्नायू थोडे जाड झाले तर ही पोकळी काही अंशी भरून निघू शकते. अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील त्वचारोगतज्ज्ञांनी याची पाहणी केली आणि ती २०१८ च्या सुरुवातीला प्रसिद्ध झाली. ४० ते ६५ वयाच्या स्त्रिया, एकूण ३२ व्यायाम, पहिले आठ आठवडे रोज अर्धा तास आणि पुढचे बारा आठवडे दिवसाआड. आधीची आणि नंतरची छायाचित्रे त्वचारोगतज्ज्ञांनी तपासली. चेहऱ्याच्या वीस लक्षणांपैकी लक्षणीय फरक दोनच ठिकाणी दिसला, गालाच्या वरच्या भागाच्या भरीवपणात आणि खालच्या भागाच्या भरीवपणात. पाहणाऱ्यांनी अंदाजलेले सरासरी वय ५०.८ वरून ४८.१ वर आले.

या आकड्यांवरून मथळे सजतात, पण त्याच पाहणीतल्या दुसऱ्या बाबीही सांगायला हव्यात. २७ जणींनी सुरुवात केली आणि शेवटपर्यंत टिकल्या १६. व्यायाम न करणारा तुलनेचा गट नव्हता. कपाळाच्या आठ्या आणि डोळ्यांच्या कडेच्या रेघा यांत दखल घेण्याजोगी सुधारणा आढळली नाही. स्नायूंच्या रचनेवरून जे अपेक्षित होते तेच या लहान पाहणीत दिसले, म्हणून आम्ही तिला मान देतो. मात्र हा पुरावा सुरुवातीचा आहे हे विसरत नाही.

गाल उचलण्याचा व्यायाम नेमका असा करावा. आरशासमोर पाठ सरळ ठेवून बसा, हात धुतलेले असावेत. ‘ऑ’ म्हणताना उघडते तेवढेच तोंड उघडा, जांभईइतके नको. वरचा ओठ वरच्या दातांवर हलका दुमडून घ्या. दोन्ही तर्जन्या गालाच्या हाडावर नुसत्या टेकवा, दाबू नका. त्या तिथे आहेत त्या फक्त हालचाल कळावी म्हणून. आता ओठांचे कोपरे वर आणि थोडे कानांच्या दिशेने, तीन अंक मोजत उचला. बोटांखाली मांसाचा उंचवटा वर सरकल्याचे लागले पाहिजे. पाच अंक तसेच धरा आणि तीन अंक मोजत सोडा. झटक्यात सोडू नका, कारण सोडतानाही स्नायूला काम मिळते. असे दहा वेळा, मग अर्धा मिनिट विश्रांती आणि पुन्हा दहा वेळा.

दोन आठवडे एवढे पुरे. नंतर पाच अंकांचे धरणे दहावर न्या. ते सहज जमू लागले की बोटांचे गादीसारखे भाग ओठांच्या कोपऱ्यांच्या जरा वर ठेवून खालच्या दिशेने किंचित विरोध द्या आणि त्या विरोधाविरुद्ध गाल उचला. हा विरोध किती असावा याची खूण सोपी आहे. बोटाखालची त्वचा घसरली किंवा चुणली तर दाब जास्त झाला. स्नायू जाड व्हायला हळूहळू वाढत जाणारे काम लागते. महिनोन्महिने तेच दहा हलके उठाव करत राहिल्याने गाल भरत नाहीत.

इथे होणारी मोठी चूक म्हणजे सगळी ताकद लावणे. पूर्ण जोर लावला की शेजारचे स्नायू मदतीला धावतात. डोळे बारीक होतात, नाकावर चुण्या येतात, मानेच्या शिरा उभ्या राहतात. मनापासून हसताना गालाबरोबर डोळ्याभोवतीचा स्नायूही आवळतो. द्युशेन या फ्रेंच वैद्यांनी एकोणिसाव्या शतकात विजेच्या सौम्य प्रवाहाने चेहऱ्याचे स्नायू एकेक करून हलवून दाखवले आणि खऱ्या हसण्याची ही खूण १८६२ मध्ये नोंदवली. ही जोडी निसर्गानेच जुळवलेली आहे, ती व्यायामापुरती सुटी करायची तर जोर कमी ठेवावा लागतो. पूर्ण ताकदीच्या साठ-सत्तर टक्के पुरतात. नजर आरशात सरळ आणि मोकळी ठेवा. डोळ्यांच्या कडेला रेघ उमटली की तो उठाव धरू नका, सोडून द्या आणि कमी जोराने पुन्हा करा. दोन्ही बाजू सारख्या उचलल्या जात नसतील तर ज्या बाजूचा उठाव कमी आहे तिच्या बरोबरीने दुसरी ठेवा. जोरकस बाजूला मोकाट सोडले की फरक वाढत जातो.

ओठांच्या बाबतीत सल्ला पुष्कळदा उलटा दिला जातो. ओठांचा चंबू करून धरा, शीळ घालण्याचा आव आणा, असे सांगतात. वरच्या ओठावर उभ्या रेघा पडतात त्या याच हालचालीने. त्याच स्नायूला चंबू न करताही काम देता येते. अडीच सेंटिमीटरचे, गुळगुळीत कडांचे सपाट बटण घ्या. त्याच्या दोन छिद्रांतून दुहेरी, मजबूत दोरा ओवून गाठ मारा आणि ओढून खात्री करा. बटण धुऊन ओठांच्या मागे, मिटलेल्या दातांच्या पुढे ठेवा. ओठ सपाट मिटा आणि दोरा हळूच सरळ पुढे ओढा. बटण बाहेर पडणार नाही एवढाच विरोध ओठांनी द्यायचा आहे. पाच ते दहा सेकंद, पाच वेळा. दात मिटलेलेच हवेत आणि दोरा बोटाभोवती गुंडाळलेला हवा, म्हणजे बटण घशाकडे जाणार नाही. लहान मुले, गिळण्याचा त्रास असलेल्या व्यक्ती आणि पुढचे दात हलत असलेल्या व्यक्ती यांनी हा प्रकार करू नये.

गालाच्या आतल्या बाजूच्या सपाट स्नायूसाठी हवेचा व्यायाम चांगला आहे. ओठ मिटून गालांत हवा भरा, उजव्या गालातून डावीकडे आणि परत उजवीकडे न्या, आणि बोटांनी बाहेरून हलका दाब देऊन हवा धरून ठेवा. दहा फेऱ्या झाल्या की थांबा. गाल फुटेस्तोवर फुगवायची गरज नाही. कानात दडे बसले तर जोर जास्त झाला असे समजा.

जबड्याविषयी मात्र आम्हाला कळकळीने लिहायचे आहे. जबड्याची कड रेखीव करण्यासाठी दातांत धरून चावायचे रबरी गोळे आणि तासन्‌तास चघळायचा कडक गम यांचा सध्या बोलबाला आहे, विशेषतः तरुण मुलांत. चावण्याचे स्नायू हाडापासून हाडापर्यंत जातात आणि व्यायामाने खरोखर फुगतात. पण फुगतात ते कानाखालच्या कोपऱ्यात, त्यामुळे चेहरा खालून रुंद दिसतो. हनुवटीच्या दोन्ही बाजूंना जी त्वचा लोंबते तिला वर धरणारे हे स्नायू नाहीत. शिवाय सगळा भार कानासमोरच्या जबड्याच्या सांध्यावर येतो. या सांध्यात एक मऊ चकती असते. ती जागची सरकली की तोंड उघडताना ‘कट’ असा आवाज येतो, पुढे दुखू लागते आणि कधी तोंड पूर्ण उघडेनासे होते. आधीच झोपेत दात खाणाऱ्यांचे स्नायू रात्रभर राबत असतात, त्यांनी तर गोळ्याकडे फिरकूच नये.

जबड्याला गरज असते ती विसाव्याची. ओठ मिटलेले, वरचे आणि खालचे दात एकमेकांपासून दोन ते चार मिलिमीटर सुटे, जिभेचे टोक वरच्या पुढच्या दातांच्या मागे टाळूला हलके टेकलेले. दिवसातून चार-पाच वेळा आठवण करून ही स्थिती घ्यावी. जीभ टाळूला जोराने दाबून ठेवल्याने मोठ्या माणसाच्या जबड्याच्या हाडाचा आकार बदलतो, या दाव्याला आधार नाही.

हनुवटीखालची चरबी जागच्या जागी व्यायामाने वितळत नाही, हेही स्पष्ट लिहायला हवे. मान मागे टाकून छताचे चुंबन घेण्याचा व्यायाम तिच्यासाठी सुचवतात, पण मानेच्या मणक्यांचा त्रास असणाऱ्यांना त्याने चक्कर येऊ शकते आणि दुखणे वाढू शकते. ओठांचे कोपरे खाली खेचून मानेच्या पट्ट्या उभ्या करायच्या, हा प्रकार तर सरळ उलट काम करतो. मानेवरचा तो पातळ, पसरट स्नायू चेहऱ्याच्या खालच्या भागाला खाली ओढणारा आहे. त्याला बळ देऊन जबड्याची कड उचलली जाणार नाही.

त्याऐवजी मानेच्या पुढच्या खोल स्नायूंचा व्यायाम करा. उताणे झोपा, डोक्याखाली पातळ घडी केलेला टॉवेल घ्या. डोके न उचलता ‘हो’ म्हणताना हलते तितकीच हनुवटी गळ्याकडे आणा, दहा सेकंद धरा, सोडा. असे दहा वेळा. गळ्यावर बोट ठेवून पाहा, वरवरचे स्नायू ताठरले तर जोर कमी करा. या व्यायामाने त्वचा घट्ट होत नाही. पण पुढे झुकलेली मान मागे येते आणि हनुवटी व गळा यांच्यामधला कोन स्पष्ट होतो. पुष्कळांना ‘दुहेरी हनुवटी’ वाटते ती निम्मी मानेच्या ठेवणीची असते. जीभ आणि घशाच्या व्यायामांचा एक वेगळाच उपयोग इथे सांगावासा वाटतो. २००९ मध्ये ब्राझीलमध्ये झोपेत श्वास अडखळणाऱ्या ३१ रुग्णांवर तीन महिने असे व्यायाम तपासले गेले आणि व्यायाम करणाऱ्या गटात श्वास अडखळण्याचे प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी घटले. सौंदर्याच्या पानावर याला जागा मिळत नाही, आरोग्याच्या पानावर जरूर द्यावी.

व्यायाम कुणी करू नये हे तर कुठेच छापलेले दिसत नाही. अक्कलदाढ काढली असेल, दातांची किंवा डोळ्यांची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल, चेहऱ्यावर फिलर (त्वचेखाली भराव घालणारे इंजेक्शन) किंवा बोट्युलिनम घेतले असेल, तर ज्यांनी उपचार केले त्यांना विचारल्याशिवाय चेहऱ्यावर दाब देणारे काही करू नये. पिकलेली मुरुमे किंवा ओठांवर उठलेले फोड असताना बोटे लावू नयेत. काचबिंदू असेल तर डोळ्यांभोवती दाबणे टाळावे.

चेहऱ्याचा लकवा हा सर्वांत गंभीर मुद्दा. एकाएकी चेहरा एका बाजूला ओघळला, डोळा मिटेना, पाणी पिताना ओठाच्या कोपऱ्यातून गळू लागले, तर आरसा घेऊन व्यायाम करत बसू नये, त्याच क्षणी रुग्णालय गाठावे. तो मेंदूचा झटका असू शकतो. मेंदूचा झटका नसून चेहऱ्याच्या नसेचा लकवा असेल तर त्यावरचे स्टिरॉइड औषध पहिल्या ७२ तासांत सुरू होणे महत्त्वाचे असते. पुढे नस भरून येताना तिचे तंतू दिवसाला साधारण एक मिलिमीटर या गतीने वाढतात आणि कधी चुकीच्या स्नायूकडे जातात. मग हसले की डोळा मिटतो, डोळा मिटला की ओठ ओढला जातो. या काळात जोरजोरात गाल फुगवणे आणि चेहरा वेडावाकडा करणे या चुकीच्या जोडणीला खतपाणी घालते. तिथे अगदी लहान, संथ, दोन्ही बाजूंनी सारख्या हालचाली लागतात आणि त्या प्रशिक्षित व्यक्तीच्या देखरेखीखालीच कराव्यात.

राहिला त्वचेच्या घट्टपणाचा प्रश्न. स्नायू हा त्वचेखालचा भराव आहे. त्वचेची स्वतःची ताकद तिच्यातल्या कोलॅजन आणि इलॅस्टिन या तंतूंमधून येते. प्रौढपणी कोलॅजन दरवर्षी साधारण एक टक्क्याने घटते, आणि रजोनिवृत्तीनंतरच्या पहिल्या पाच वर्षांत स्त्रियांच्या त्वचेतले सुमारे तीस टक्के कोलॅजन जाते. हसण्या-फुगवण्याने ते परत येत नाही. ऊन आणि धूम्रपान मात्र ते आणखी वेगाने संपवतात. २०१२ मध्ये एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात ६९ वर्षांच्या मालवाहू गाडीच्या चालकाचे छायाचित्र छापून आले होते. २८ वर्षे खिडकीच्या काचेतून ऊन झेललेली त्याची डावी बाजू उजवीपेक्षा कितीतरी जास्त सुरकुतलेली आणि लोंबलेली होती. दोन्ही बाजूंचे स्नायू आयुष्यभर सारखेच हसले, सारखेच चावले, फरक पडला तो उन्हाने. अतिनील किरणांचा दीर्घ लहरींचा भाग साध्या काचेतून आत येतो, हे त्यातून कळते.

ऑस्ट्रेलियात १९९२ ते १९९६ या काळात ९०३ प्रौढांना दोन गटांत वाटले होते. एका गटाने सनस्क्रीन रोज लावायचे, दुसऱ्याने मनाला येईल तेव्हा. साडेचार वर्षांनंतर रोज लावणाऱ्यांच्या त्वचेचे वय वाढल्याचे मोजमापात दिसले नाही. व्यायामाच्या कुठल्याही पाहणीपेक्षा हा पुरावा भक्कम आहे, म्हणून व्यायामाच्या प्रत्येक लेखात तो यायला हवा. सनस्क्रीन ३० किंवा त्याहून जास्त एसपीएफचे (उन्हापासूनच्या संरक्षणाचा डबीवरचा अंक) आणि दीर्घ लहरींपासूनही संरक्षण देणारे घ्यावे. चेहरा आणि मान मिळून प्रमाण किती, तर तर्जनी आणि मधले बोट यांवर मुळापासून टोकापर्यंत ओढलेल्या दोन रेघा. बहुतेक जण याच्या निम्मेही लावत नाहीत आणि मग सनस्क्रीनला दोष देतात. उन्हात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा लावा.

फरक पडला की नाही हे पाहायचे असेल तर व्यायाम संपताक्षणी आरशात पाहू नका. त्या वेळी रक्त चढून चेहरा टवटवीत दिसतो आणि अर्ध्या तासात उतरतो. सकाळीही फोटो नको, कारण झोपेतून उठल्यावर चेहरा थोडा सुजलेला असतो. महिन्यातून एकदा, संध्याकाळी ठरलेल्या वेळी, त्याच खोलीत त्याच दिव्याखाली, चेहरा निर्विकार ठेवून, दीड मीटरवरून दुसऱ्या कुणाकडून फोटो काढून घ्या. फूटभर अंतरावरून काढलेल्या फोटोत नाक सुमारे तीस टक्क्यांपर्यंत रुंद भासते आणि गालांचे प्रमाण बिघडते. पहिले दोन महिने काही दिसले नाही तरी ते स्वाभाविक आहे. वीस आठवडे नेटाने करूनही गाल तसेच राहिले तर व्यायाम थांबवायला हरकत नाही. आणि गाल भरले तर आठवड्यातून तीन दिवस तरी चालू ठेवावे लागतील, सोडल्यास स्नायू पुन्हा पूर्वीसारखा होतो.

यापुढे असा मजकूर छापताना कपाळ आणि डोळ्यांच्या व्यायामांची चित्रे गाळावीत, जबड्याच्या गोळ्यांची शिफारस करू नये आणि चेहरा अचानक ओघळल्यास काय करावे हे त्याच पानावर ठळक चौकटीत द्यावे, एवढी विनंती.

आपले,
चेहऱ्याच्या स्नायूंवर काम करणारे काही भौतिकोपचारतज्ज्ञ